मदत हवी आहे: रात्रीचा एक तास मिळतो, मोठे आरपीजी अर्ध्यातच सुटतात

लेथवाला (धागा)

मंडळी, नमस्कार. वाचतो नेहमी, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात वर्कशॉपला असतो. घरी यायला साडेआठ होतात. जेवण, पोरीचा अभ्यास, ती झोपली की दहा ते अकरा हा तास माझा. तोही रोज मिळतोच असं नाही. डेस्कटॉपला जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, त्यामुळं मशीनची तक्रार नाही. तक्रार माझ्यात आहे का गेममध्ये, हेच कळंना झालंय.

तीन वर्षांत चार आरपीजी (एक पात्र घेऊन त्याची लांबलचक कथा खेळायचे गेम) चालू केले. विचर ३, स्कायरिम, किंगडम कम डिलिव्हरन्स आणि बाल्डर्स गेट ३. एकही शेवटाला नेला नाही. अवघड वाटले म्हणून नव्हे, मरायची मला सवय आहे. होतं काय, शनिवारी बसतो, मन लागतं. मग आठवडाभर ऑर्डरची घाई. पुढच्या शनिवारी गेम उघडला की समोर उभा असलेला हा बाबा कोण, त्याला मी काय कबूल केलंय, पिशवीत ही चौदा झुडपं कशाला गोळा केलीत, काही म्हणजे काही आठवत नाही. मग कोपऱ्यातल्या नकाशावर ठिपक्यांची रेघ असते, तिच्यामागनं घोडा सोडतो. रेघ संपली की बटण दाबायचं, बोलणं पुढं ढकलायचं, की नवी रेघ. अर्ध्या तासानं लक्षात येतं की एवढा डोंगर, एवढं जंगल त्या लोकांनी बनवलंय आणि मी सगळा वेळ वाटीएवढ्या गोल नकाशात काढला.

विचर ३ चा हिशेब पण करून बघितला. नुसती मुख्य कथा घेतली तरी साधारण ५० तास. आठवड्याला चार तास धरले तर गणपतीत चालू केलेला गेम नाताळला संपतो. सगळं करायचं म्हटलं तर १५० च्या वर, म्हणजे पुढचा पावसाळा. तोवर पोरगी एक इयत्ता पुढं जाईल.

किंगडम कमचं वेगळं सांगतो, कारण तो सुटल्याचं जास्त वाईट वाटतं. १४०३ सालचा बोहेमिया, म्हणजे आजचं चेक. हिरो लोहाराचा पोरगा. त्याला तलवार धरता येत नाही, वाचता येत नाही. पुस्तक उघडलं तर अक्षरं उलटीपालटी दिसतात, शिकून आल्यावरच लागतात. तलवारीला धार लावायची तर दगड फिरवायचा, कोन धरायचा, ठिणग्या बघायच्या. दिवसभर टूलला धार लावून आलेला माणूस रात्री परत तेच करत बसतो म्हणून बायको हसली. पण खरं सांगतो, चारही गेममध्ये मी ‘आत’ गेलो तो तेवढाच वेळ. कोन चुकला की माझा हात आपोआप आखडायचा.

पण तिथं सेव्ह करायला दारू लागते! सेव्हिअर श्नॅप्स म्हणून बाटली मिळते, ती प्यायली की सेव्ह. नाहीतर स्वतःच्या पलंगावर झोपा. मे महिन्यात वळीव आला, लाईट गेली, पाऊण तासाचा खेळ गेला. त्या दिवशी बंद केला तो केलाच.

तर विचारायचं असं: एका तासाच्या माणसानं कुठला आरपीजी घ्यावा? असलेल्यातलाच एखादा पुरा करायचा तर काय बदलावं? आणि हे वयानं होतंय का? (३६.) कथा फोडू नका, एवढी विनंती.

मिसळकट्टा

भावा, नाद खुळा धागा. वयाचं काढू नको, मी ४१ आहे.

सरळ उत्तर: लहान गेम घे. क्रोनो ट्रिगर बघ. १९९५ चा, पीसीवर मिळतो, वीसेक तासांत संपतो. शत्रू नकाशावर समोर दिसतात, चार पावलं चाललं की मधेच लढाई उपटली असला जुना छळ नाही. नाहीतर अंडरटेल, २०१५ चा. दोन-तीन रविवारचं काम. त्यात कुणालाही न मारता शेवटापर्यंत जाता येतं. शंभर तास म्हणजे पैसा वसूल, ही आपली कॉलेजातली खोड आहे. मिसळीला कट जास्त मागून पोट भरायचो, तसलं. आता पोट तेवढं राहिलं नाही.

पेठेतला गोलकीपर

लेथवाले, तुमचं दुखणं लांबीचं नाही, रेघेचं आहे. ५० तासांतले २० तुम्ही रेघेमागं घालवले असणार, ते आठवणार तरी कसे?

मिनिमॅप, म्हणजे कोपऱ्यातला तो गोल नकाशा, बंद करा. विचर ३ मध्ये सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरची एकेक गोष्ट काढून टाकता येते. पहिले दोन दिवस जीव कासावीस होतो. मग माणूस मोठा नकाशा उघडतो, रस्ता डोक्यात घेतो, नकाशा मिटतो आणि पाटी बघत जातो. त्या गेममध्ये चौकाचौकात पाट्या आहेत हे मला दुसऱ्या खेपेला कळलं.

पण हेच औषध स्कायरिमला देऊ नका. तिथं रस्ता दाखवणारा बाण काढला की आंधळी कोशिंबीर होते, कारण माणसं पत्ता सांगतच नाहीत. ‘अमुक गुहेतून तमुक आण’, बास. गुहा कुठं आहे ते बाण सांगणार, हे धरूनच संवाद लिहिलेत. त्याच कंपनीचा २००२ चा मॉरोविंड खेळलाय का? त्यात बाण नाहीच. माणूस सांगतो, पूल ओलांड, नदीच्या कडेनं जा, दोन खडक दिसतील तिथनं वळ. ते वहीत उतरतं आणि तुम्ही खडक शोधत हिंडता. कधीकधी पत्ता चुकीचा पण असतो! आपल्याकडं बाहेरगावचा माणूस भवानी मंडप विचारतो तेव्हा आपण काय रेघ काढून देतो? देवळाकडं चला म्हणतो, शेजारीच आहे, चुकला तर कुणालाबी विचारा. तो माणूस मंडपापर्यंत पोचतो तेव्हा त्यानं निम्मं गाव बघितलेलं असतं.

दुसरं, विचरमधल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर दिसणारी प्रश्नचिन्हं. तिथं सुटला असाल तर मी पैज लावतो की होडी घेऊन ती पुसत बसला होतात. बहुतेक ठिकाणी पाण्यावर तरंगणारी पिंपं आहेत. सोडा ती. त्यात नुसता माल मिळतो, लेव्हल जवळजवळ वाढत नाही, तास मात्र जातात.

लेथवाला

पैज जिंकलात. एकवीस पिंपं फोडली होती.

वस्तादांचा नातू

मिनिमॅपच्या नादात खरा मुद्दा राहिला. मन उडतं ते लेव्हल स्केलिंगनं. मी मेहनत करून ताकद कमवायची आणि समोरच्यानं घरी बसून तेवढीच वाढवायची? २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये तर कळसच. वीस-पंचवीस लेव्हल चढा, रस्त्यावरचा भुरटा दरोडेखोर राजाला परवडणार नाही असलं चिलखत घालून येतो आणि शंभर नाणी मागतो. अरे, ते चिलखत वीक की! तालमीत पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोराला कळलं पाहिजे की काल जो पेलत नव्हता तो आज पेलला. ते कळलं नाही तर पोरगा तालीम सोडतो. गेम सोडणं त्याहून सोपं.

पेठेतला गोलकीपर

नातू, खासबागेत जोड बरोबरीचीच लावतात ना? एकतर्फी कुस्तीला तिकीट काढून कोण जाईल? स्केलिंग नसेल तर निम्मा गेम फुंकर मारून उडवायचा आणि निम्म्यात पाय ठेवला की मरायचं.

वस्तादांचा नातू

जोड बरोबरीची लावतात, मान्य. पण त्यासाठी वस्ताद दुसरा मल्ल शोधतो, गल्लीतल्या पोराला रातोरात फुगवत नाही. एल्डन रिंग बघ. तो पहिला सोनेरी घोडेस्वार तुला दहा वेळा चिरडतो, तू दुसरीकडं हिंडतोस, तयार होऊन परत येतोस आणि त्याला पाडतोस. तो तेवढाच असतो, तू वाढलेला असतोस. ह्याला म्हणतात खेळ. विचर ३ मध्ये पण शत्रू आपल्या जागी ठरलेल्या ताकदीचे आहेत. स्केलिंग हवंच असेल तर वेगळं चालू करावं लागतं. करू नका.

सांजवेळ

लेथवाले दादा, इथं सगळे गडी ताकदीवर भांडायला लागलेत, तुमचा प्रश्न राहिला बाजूला. मी राजारामपुरीत राहते, शाळेत शिकवते, दोन मुलं आहेत. तुमचा दहा ते अकराचा तास मला नेमका माहीत आहे.

मी बाल्डर्स गेट ३ पुरा केला. अकरा महिने लागले. तो तुम्ही सोडलाय, पण एका तासाच्या माणसाला तो मोठ्या गेममधला सगळ्यात सोसणारा आहे. लढाई पाळीपाळीनं होते. माझी पाळी असली की जग थांबलेलं असतं, मूल उठलं तर उठून जावं, कुणी मारत नाही. लढाईच्या मधेसुद्धा सेव्ह होतं. मी एका रात्रीत एक लढाई किंवा एक संभाषण एवढंच करायची.

माझी अडचण वेगळी होती. फासा हरला की जुना सेव्ह उघडायचा. वीस बाजूंचा फासा समोर गडगडताना दिसतो, एक पडला की कितीही हुशार असा, काम फसलंच. मी प्रत्येक वेळी मागं जायची. मग ते माझं पात्र राहिलंच नाही, परीक्षेत खाडाखोड करून पूर्ण मार्क घेणारी मुलगी झाली. एकदा ठरवलं की पडेल ते पडेल. त्या दिवसापासून मला आठवायला लागलं! आपण बिघडवलेलं काम माणूस विसरत नाही, जमलेलं विसरतो.

ह्याच्या पुढची पायरी डिस्को एलिझियम, २०१९ चा. लढाई नावाला नाही. चोवीस कौशल्यं आहेत आणि ती डोक्यात बसून तुमच्याशी बोलतात, एकमेकांशी भांडतात. हरलात तरी कथा अडत नाही, तिरकी होऊन पुढं जाते. फक्त इंग्रजी वाचन फार आहे आणि इंग्रजी सोपं नाही. दिवसभर काम करून आल्यावर झेपेल का ते बघा. मी सुट्टीतच खेळले.

आणि आठवत नाही म्हणता, तर लिहून ठेवा की. गेममधल्या डायरीत नको, ती गेमच्या सोयीनं लिहिलेली असते.

मिसळकट्टा

ताई, पटलं. किंगडम कमचं राहिलं बघा. लेथवाले, तो २०१८ ला आला तेव्हा सेव्हची बोंब सगळ्यांनीच मारली होती. नंतर त्यांनी ‘सेव्ह करून बाहेर पडा’ दिलं. बाटली लागत नाही. तुम्ही तो मेनू बघितला नसणार. लाईट जाण्यावर मात्र त्यांच्याकडं इलाज नाही, यूपीएस घ्या.

वस्तादांचा नातू

किंगडम कम परत घेताच आहात तर हार्डकोअर मोड, म्हणजे जास्त अवघड प्रकार, घ्या. नकाशावर आपण कुठं आहोत ते दिसतच नाही. ओढा, चर्च, फाटा बघून ओळखायचं. गोलकीपर म्हणतो तसला पत्ता.

सांजवेळ

त्यात एका गावातून दुसऱ्या गावाला झटक्यात जाता पण येत नाही. दादांचा तास घोड्यावरच जाईल. असले सल्ले पोरांना द्या.

लेथवाला

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण आधी करून बघायचं ठरवलं.

किंगडम कमच परत काढला, साधाच मोड. नवीन चालू नाही केला, वळवानं ठेवलं होतं तिथनंच. ते ‘सेव्ह करून बाहेर पडा’ मेनूत होतं की हो! माझ्याच डोळ्यासमोर. यूपीएस पुढच्या महिन्यात घेतो.

ताईंचं ऐकून वही केली. वही म्हणजे काय, वर्कशॉपमधली जॉब कार्डं आणली. आमच्याकडं प्रत्येक जॉबबरोबर कार्ड फिरतं, कुठलं ऑपरेशन झालं, कुठलं बाकी, दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला विचारावं लागत नाही. मी मलाच दुसऱ्या शिफ्टचा समजून लिहायला लागलो. परवाचं असं होतं: ‘गिरणीवाल्याशी बोललो. खोटं बोलतोय. रात्री परत जाणे. तलवारीची धार बाकी.’ एक ओळ, दोन ओळी. गुरुवार, शुक्रवार जमलं नाही, रविवारी कार्ड वाचलं आणि गिरणीवाल्यावर माझा राग तसाच ताजा होता.

बाण अजून पूर्ण काढलेला नाही, जमलं नाही. गोलकीपर, रागावू नका. पण गाव जवळ आलं की बघायचं बंद करतो. परवा त्यात चुकून दरोडेखोरांच्या तळावर गेलो, मेलो, अर्धा तास गेला. मधला सेव्हच नव्हता, मागच्या सेव्हपासनं परत चाललो. कार्डावर लिहिलं: ‘ओढ्याच्या पलीकडं जाऊ नये.’

विचर नाताळनंतर बघू. पिंपांचं नाव काढणार नाही.

आता एक बारीक प्रश्न राहिला. ती चौदा झुडपं मी वर लिहिली होती ना, ती ह्याच गेममधली निघाली. मला वाटलं श्नॅप्सचं काहीतरी असेल. उघडून बघतो तर झेंडू! चौदा झेंडूची फुलं. बायको म्हणाली, दसऱ्याचं तोरण करायचं होतं का. कशाला गोळा केला असेल मी? कुणाला माहीत आहे का?

सांजवेळ

काढा होतो त्याचा. पाण्यात उकळायचा, नेटल नावाच्या झुडपाची पानं पण लागतात. जखम भरते. ओढ्यापलीकडं जाणार असाल तर आधी करून ठेवा.