स्वतःचं कोट ऑफ आर्म्स (ढालीवरचं मानचिन्ह) करायचंय, ढालीवर काय घेऊ?

सुपेकर_मिसिसागा
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी कॅनडाचं नागरिकत्व मिळालं. इथे गव्हर्नर जनरलच्या हाताखाली १९८८ पासून हेराल्डिक अथॉरिटी, म्हणजे अशी चिन्हं देणारी संस्था, आहे आणि साध्या नागरिकालाही अर्ज करता येतो म्हणे. डोक्यात लाल ढालीवर तपकिरी सिंह आहे. लाल म्हणजे शौर्य ना? बजेट हजार डॉलर. वर एक सेंट नाही.

ठाण्याचा_नाना
करायचंच तर लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडून करा. १४८४ सालची संस्था आहे. सात हजार पौंडांच्या वर जातात, पण काम म्हणजे काम. आमच्या साडूंच्या साहेबांनी घेतलंय.

बर्मिंगहॅमची_वहिनी
नाना, त्यांनी हजार डॉलर म्हटलंय हो. माझं ऐका, जत्रेत आडनावाचं चिन्ह म्हणून विकतात त्या स्टॉलवर जाऊ नका. पाटील सांगितलं तर पोरगा म्हणतो, "सापडत नाही, पॅटन चालेल का?" पस्तीस पौंड गेले. फ्रेम बरी आहे म्हणून अजून भिंतीवर आहे.

ढालतलवार
आडनावाला कोट ऑफ आर्म्स नसतंच, ते माणसाला मिळतं. आणि 'क्रेस्ट' म्हणजे फक्त शिरस्त्राणावरचा भाग, अख्खं चिन्ह नव्हे. लाल म्हणजे शौर्य वगैरे यादी स्टॉलवाल्यांची, रंगांना ठरलेले अर्थ नाहीत. नियम आहे तो दिसण्याचा: सोनं-चांदी हे धातू, बाकीचे रंग. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही, म्हणजे लांबून ओळखू येतं. लालवर तपकिरी बाद. खर्च चित्रकारासकट काही हजार डॉलर धरा.

ठाण्याचा_नाना
जेरुसलेमच्या राज्याच्या ढालीवर चांदीवर सोन्याचे क्रूस होते. मग?

ढालतलवार
ते अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहे, नाना.
सुपेकर, तुम्ही सूप घ्या. नावावर कोटी करायची तिकडे जुनी रीत आहे. शेक्सपिअरच्या वडिलांना १५९६ साली चिन्ह मिळालं, त्यात भाला, म्हणजे 'स्पिअर', आहे. इंग्लंडात सेप्टव्हान्स नावाचं घराणं होतं, फ्रेंचमध्ये 'व्हान' म्हणजे सूप, म्हणून निळ्या ढालीवर तीन सोनेरी सुपं. केंटमधल्या चार्टहॅमच्या चर्चमध्ये त्यांच्यातल्या एका सरदाराची पितळी प्रतिमा आहे, ढालीवरच नाही तर अंगरख्यावरही सुपं.

कदंबपत्र
हे सगळं आपल्याकडे होतंच. देवक म्हणजे दुसरं काय?

ढालतलवार
देवक कुळाचं, हे एकट्याचं. एका देवकात सोयरीक होत नाही, इथे तसलं काही नाही. आपल्या संस्थानिकांची चिन्हं बघायची तर १८७७ च्या दिल्ली दरबारातली बघा. रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या मुलकी अधिकाऱ्याने काढून दिली. शिंद्यांना नाग मिळाले.

कदंबपत्र
म्हणजे गोऱ्याने दिल्यावर खरं!

बर्मिंगहॅमची_वहिनी
सूप नको हं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अलक्ष्मीला हाकलायला बडवतात ते. ढालीवर कशाला? आणि स्टॉलवर जाऊ नका.

सुपेकर_मिसिसागा
आडनाव सुपे गावावरून आहे, सुपावरून नाही. तरी मोह झाला होता. आजीचं सूप डोळ्यांपुढे आलं, कडेला जुन्या लुगड्याची पट्टी शिवलेली, भेगांत मेथी आणि कागदाचा लगदा. आईला फोन केला तर म्हणाली, "सूप कोठीत ठेवतात रे, दारावर नाही टांगत." तेव्हा सिंहच. लालवर सोनेरी.

ढालतलवार
तो नॉर्वेच्या राजाचा. हातात कुऱ्हाड आहे एवढंच.

सुपेकर_मिसिसागा
चंदेरी?

ढालतलवार
बोहेमिया. सोन्यावर लाल म्हणाल तर स्कॉटलंड, काळा म्हणाल तर फ्लँडर्स. सूप घ्या हो.

सुपेकर_मिसिसागा
मग वाघ.

ढालतलवार
मग अर्जात 'बंगालचा वाघ' असं स्पष्ट लिहा. नुसतं टायगर लिहिलंत तर जुना हेराल्डिक टायगर काढतील. वाघ न पाहिलेल्या लोकांनी काढलेला तो, पट्टे नाहीत, नाकाच्या शेंड्यावर सुळा, शेपटीला सिंहाचा गोंडा.

ठाण्याचा_नाना
लंडनवाले असली चूक करत नाहीत.

सुपेकर_मिसिसागा
आत्ताच चित्र बघितलं त्याचं. लेक हसून हसून खुर्चीवरून पडली. तोच घेतोय. हजारात फक्त शेपूट बसेल असं दिसतंय, पण बघू.