ऑनलाइन बालशोषण आणि तंत्रज्ञान : संशोधनाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (विद्यार्थिनी, चेंबूर):
समाजकार्याच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी हा विषय घेतला आहे. मार्गदर्शकांचा भर गुन्हे शोधणाऱ्या साधनांवर आहे. मला मात्र ती कोठे अपुरी पडतात हे तपासायचे आहे.

दादरकर:
फोटोडीएनएपासून सुरुवात करा. मायक्रोसॉफ्टने संगणकशास्त्रज्ञ हॅनी फरीद यांच्या सहकार्याने २००९ साली आणलेले हे तंत्र चित्राचा अंकीय ठसा काढून आधी नोंदलेल्या बालशोषणाच्या चित्रांच्या ठशांशी ताडते. त्यामुळे आकार बदललेले जुने चित्र सापडते, पण काल प्रथमच काढलेले निसटते, आणि संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येईल असा) असेल तर मधल्या सर्व्हरला ताडून पाहण्याजोगे काही दिसतच नाही. तुमचा प्रबंध याच फटीत आहे, असे माझे मत.

वकील, फोर्ट:
तंत्राआधी कायदा वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालानंतर असे साहित्य बाळगण्याबाबत पोक्सोच्या (बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १५ चा अर्थ बराच व्यापक झाला आहे, तेव्हा ‘नमुना’ म्हणूनही काही उतरवून घेऊ नका. मुलाखतीत एखाद्या मुलाने अत्याचार सांगितलाच, तर कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे तुम्हाला बंधनकारक आहे. गोपनीयतेचे सरसकट आश्वासन संमतिपत्रात देता येणार नाही. (नीतिसमित्या नेमके हेच विसरतात.)

विद्यार्थिनी:
आभारी आहे. मग मुलांऐवजी समुपदेशक आणि सायबर पोलीस यांच्याच मुलाखती घेते. संमतिपत्रही नव्याने लिहिते.