वाचनालयाची कपाटं माळ्यावर आणि खाली अभ्यासिका, हे तुम्हाला पटतं का?

गोदाकाठची
पंचवटीत आमच्या घराजवळ एक जुनं वाचनालय आहे. नाव घेत नाही, तिथली माणसं चांगली आहेत आणि मला माणसांशी भांडायचं नाहीये. १९९४ पासून मी तिथली वर्गणीदार. मागच्या आठवड्यात पुस्तक बदलायला गेले तर ग्रंथपाल ताई म्हणाल्या की दिवाळीनंतर खालचा हॉल पूर्ण अभ्यासिकेला द्यायचं ठरतंय, एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी अशी तयारी करणारी मुलं बसतील, आणि सगळी कपाटं वरच्या माळ्यावर जातील. जिना अरुंद आहे म्हणून तिथे वाचकांना सोडणार नाहीत. आपण यादी बघायची, नंबर लिहून द्यायचा, पुस्तक दुसऱ्या दिवशी मिळेल.

माझा याला विरोध आहे. यादी बघून मागायचं तर आपल्याला काय हवंय ते आधी माहीत पाहिजे ना, आणि मला ते कधीच माहीत नसायचं. मुलगा चौथीत असतानाची गोष्ट, पावसाळा होता, त्याच्यासाठी काहीतरी शोधायला मी खालच्या कप्प्यापाशी उकिडवी बसले होते तर हाताला एक लाल कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक लागलं, बाहेरचं नाव पुसून गेलेलं. उघडलं तर आड, विहिरी, बारवा यांच्याबद्दलचं. मागे तारखेची चिठ्ठी, तिच्यावरचा शेवटचा शिक्का १९७८ चा. म्हणजे मी नेलं त्याच्या आधी किती वर्षं ते तसंच उभं होतं बघा. ते वाचल्यापासून मी कुठल्याही गावाला गेले की आधी बारव कुठे आहे विचारते, पायऱ्या मोजते, पाणी किती आहे बघते. परवा मुद्दाम यादीत शोधलं, ते पुस्तक "संकीर्ण" मध्ये टाकलंय. संकीर्ण मधून बारव कोण मागणार?

सुरगाण्याचा
ताई राग मानू नका पण तुम्ही ज्या हॉलबद्दल बोलताय तसल्याच एका हॉलमध्ये मी दोन वर्षं बसतोय म्हणून लिहितो. सकाळी साडेपाचला या कधी. गेटबाहेर रांग असते पण माणसांची नाही, दप्तरांची. ज्याने त्याने दप्तर ठेवायचं आणि चहाला जायचं, कोणी कोणाचं दप्तर हलवत नाही, एवढा नियम सगळे पाळतात. सातला गेट उघडतं, आत १२ खुर्च्या आणि बाहेर तीसएक पोरं. उरलेले मागच्या पायऱ्यांवर बसतात, थंडीत फरशी एवढी गार असते की खाली वर्तमानपत्र घ्यावं लागतं.

खोलीवर अभ्यास होत नाही. कॉट बेसिसवर पाच जण राहतो, एक जण नाईट ड्युटीचा आहे तो दिवसा झोपतो त्यामुळे लाईट लावता येत नाही. खासगी अभ्यासिकेला हजार रुपये महिना लागतात. माझे आईवडील द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे येतात, त्या पैशातून मी नाशकात राहतोय. हजार म्हणजे आमच्या हिशोबात काय असतं ते वेगळं सांगायला नको.

आणि तुम्हीच लिहिलंय की १९७८ नंतर ते पुस्तक कोणी नेलं नव्हतं. एक कपाट हललं की दोन खुर्च्या बसतात ताई, मी मोजलंय.

मखमलाबाद रोड
मी दुसऱ्या एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर सहा वर्षं होतो, तर पैशाची बाजू सांगतो, कारण ती कोणीच बोलत नाही. राज्यात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली मान्यता मिळाली की अ ब क ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. २०२२ मध्ये सरकारने त्यात ६० टक्के वाढ जाहीर केली, चांगलंच झालं, पण त्याआधी किती वर्षं ते जिथल्या तिथे होतं आणि छोट्या वाचनालयाला मुळात रक्कमच एवढीशी की वाढून वाढून काय वाढणार. ग्रंथपाल आणि शिपाई यांना आम्ही जे द्यायचो ते सांगायला लाज वाटते. वीजबिल, पेपरचं बिल, बाइंडिंग, छताची गळती. वर्गणीदार महिन्याला ५० रुपये देतो आणि त्यातले निम्मे तीन-तीन महिने थकवतात. अभ्यासिकेचा मुलगा ४०० देतो, पहिल्या तारखेला देतो. आम्ही अभ्यासिका सुरू केली म्हणून त्या वर्षी नवीन पुस्तकं घेता आली, हे माझ्या डोळ्यासमोरचं आहे. तेव्हा अभ्यासिका पुस्तकांना खाते असं सरसकट बोलू नका, आमच्याकडे तिनेच पुस्तकं जगवली.

निवृत्त गुरुजी, नाशिकरोड
पैसे मिळतात म्हणून हॉल द्यायचा असेल तर लग्नालाही द्या, जास्त मिळतील.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या नाशकात सार्वजनिक वाचनालय १८४० साली निघालं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. म्हणजे इथे विद्यापीठाच्या आधी वाचनालय आलं, आणि ते लोकांनी वाचावं म्हणून आलं, परीक्षा काढाव्यात म्हणून नाही. ह्याच गावात तात्यासाहेब शिरवाडकर राहिले, त्यांच्या वाढदिवसाला, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी दिन करतो, फलक लावतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा पेढे वाटले. आणि त्याच मराठीची पुस्तकं आता कुलपात माळ्यावर? पोरांची गरज मला कळते, ३४ वर्षं शाळेत शिकवलंय. पण ती भागवायची जबाबदारी महापालिकेची आहे, समाजमंदिरं संध्याकाळपर्यंत बंद असतात ती उघडा, शाळांचे वर्ग रात्री मोकळे असतात ते द्या. सगळ्यात गरीब संस्था कोणती तर वाचनालय, आणि तिच्याच अंगावरचं वस्त्र काढायचं हे मला मान्य नाही.

सुरगाण्याचा
गुरुजी लग्नाचं उदाहरण लागलं. आम्ही तिथे नाचायला येत नाही.

समाजमंदिर उघडा म्हणता, बरोबर आहे, आमच्या पाच-सहा पोरांनी अर्ज पण दिला होता एका ठिकाणी, किल्ली कोणाकडे आहे एवढं कळायलाच दीड महिना गेला. जे दार आज उघडं आहे तिथेच आम्ही जाणार ना. आणि आम्ही वाचत नाही हे कोणी सांगितलं? २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, त्यात एक निबंधाचा २५० मार्काचा. नुसतं गोळे काळे करून आता भागत नाही. पाणी, शेती, स्थलांतर ह्यावर स्वतःचं काहीतरी लिहावं लागतं, आणि क्लासच्या नोट्स सगळ्यांच्या सारख्याच असतात.

कॉलेजरोड
मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात. मी २६ वर्षांची आहे, भरपूर वाचते, आणि वाचनालयाची वर्गणी मी दोन वर्षांपूर्वी बंद केली. कारण कपाटात काय होतं तर त्याच त्या जाड ऐतिहासिक कादंबऱ्या, पानं पिवळी, कसर लागलेली, उघडलं की शिंका. नवीन काय आलंय ते कुठे लिहिलेलं नाही. अर्धी पुस्तकं अशी की कोणालाच नकोयत, पण ती काढत पण नाहीत. मी विचारलं तर म्हणाले निर्लेखन करायला, म्हणजे जुनी पुस्तकं नोंदीतून काढून टाकायला, अडचणी आहेत.

गोदाकाठच्या ताई, तुम्हाला तो बारवांचा खजिना मिळाला हे खरंच छान आहे. पण त्या एका पुस्तकासाठी शेजारची ९९ भुक्कड पुस्तकं पण जपायची का? आधी निवड करा. जे वाचण्यासारखं आहे ते खाली, हाताला लागेल असं ठेवा, बाकीचं जाऊ दे माळ्यावर.

मखमलाबाद रोड
निर्लेखनाचं खरं कारण सांगतो. वर्ग ठरताना पुस्तकांची संख्या पण बघतात. फाटकी, कालबाह्य पुस्तकं काढली की संख्या खाली येते, तपासणीला साहेब आले की दाखल रजिस्टर आणि कपाट जुळलं पाहिजे, ठराव करा, यादी करा, मंजुरी घ्या. हे सगळं करणार कोण तर एकटी ग्रंथपाल, अर्ध्या पगारावर. म्हणून कोणी हात लावत नाही, आणि वाचक म्हणतात इथे जुनंच आहे. दोघंही खरं बोलतात.

लेकीची आई
मी इंदिरानगरला राहते, आमच्याकडचं वाचनालय वेगळं, पण मुद्दा तोच म्हणून लिहिते. माझी लेक सात वर्षांची. वाचनालयाच्या आवारात उंबराचं झाड आहे, उन्हाळ्यात तिथे सारखा टुक टुक टुक आवाज यायचा, कोणीतरी भांड्यावर हातोडी मारतंय तसा. तिला वाटलं मागे कोणाचं तरी काम चाललंय. मग एक दिवस तिने बघितला, हिरवा, चिमणीहून थोडा मोठा, कपाळावर लाल ठिपका, उंबर खात होता. मला नाव येईना. ती धावत आत गेली आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे तिच्या उंचीच्या कप्प्यात, पक्ष्यांचं चित्रांचं पुस्तक होतं ते जमिनीवर पसरून पोटावर झोपून पानं उलटायला लागली. मी मोबाईल काढला होता, मुद्दाम परत पर्समध्ये ठेवला. दहा-बारा मिनिटं लागली असतील. तांबट! तिने ते एवढ्या जोरात म्हटलं की पेपर वाचणारे आजोबा दचकले, आणि मग तेच उठून तिच्याबरोबर झाडाखाली गेले. त्यानंतर आम्ही थंडीत नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो, तेही तिच्याच हट्टाने, पुस्तकात रोहित पक्षी बघितले होते म्हणून.

आता सांगा, सात वर्षांची पोर यादीत "प्राणिशास्त्र" बघून नंबर लिहून देईल का? आणि अभ्यासिका झाली की तिला त्या हॉलमध्ये "तांबट" असं ओरडता येईल का? मला अभ्यास करणाऱ्या मुलांबद्दल कळवळा आहे, माझा भाऊ चार वर्षं त्याच्यातून गेलाय. पण एक दार त्यांच्यासाठी उघडताना लहान मुलांचं बंद होतंय, आणि मुलं अर्ज करत नाहीत, कार्यकारिणीला भेटायला जात नाहीत, त्यामुळे ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

सुरगाण्याचा
ह्याला माझ्याकडे उत्तर नाही ताई. आमच्याकडे पण तो पक्षी आहे, आंब्याच्या मोहराच्या दिवसांत लई ओरडतो. पण माझ्या शाळेत असं पुस्तकच नव्हतं, कपाट होतं ते हेडसरांच्या खोलीत कुलूपबंद, तपासणीच्या दिवशी उघडायचे.

गोदाकाठची
सुरगाण्याच्या भाऊ, तुमचं हे कुलूपबंद कपाटाचं वाचलं आणि मला वाटलं की मी एवढा वेळ हेच सांगत होते. पण दप्तरांच्या रांगेचं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं हेही कबूल करते, मी अकराच्या आधी कधी तिकडे गेलेच नाही. काल सकाळी मुद्दाम सव्वासहाला गेले. १९ दप्तरं होती. एकावर डबा ठेवला होता, पोळीभाजीचा असावा, त्यावर मांजर बसलं होतं.

माझं मत थोडं बदललंय, पूर्ण नाही. खालच्या हॉलमधलं ते लांबलचक पेपरचं टेबल सकाळी सात ते दहा रिकामंच असतं, पेपर वाचणारे दहानंतर येतात. ते टेबल मुलांना द्या. कार्यकारिणीची खोली आहे, महिन्यातून एकदा उघडते, पंखा आहे, ट्यूबलाईट आहे, ती द्या. पण कपाटं खालीच राहिली पाहिजेत, उघडी, आणि मुलांचा कप्पा जमिनीलगत. ह्यावर मी मागे हटणार नाही.

निवृत्त गुरुजी, नाशिकरोड
तडजोड म्हणून ऐकायला ठीक आहे, पण मी पाहिलेलं सांगतो. आधी एक टेबल, मग दोन, मग "शांतता राखा" ची पाटी, मग पुस्तक बदलायला आलेल्या म्हातारीने चप्पल वाजवली म्हणून पोरं वळून बघतात, मग ती येत नाही. माझी पत्नी अशीच जायची थांबली.

सुरगाण्याचा
गुरुजी, तुमच्या घरच्यांचं ऐकून वाईट वाटलं. आम्ही वळून बघतो हे खरं आहे. मी पण बघितलंय.

कॉलेजरोड
मग निवड कोण करणार? कपाटं खाली राहिली तरी त्यात तेच जुनं राहणार. ग्रंथपाल ताई एकट्या आहेत म्हणता तर आपण चार जण जाऊन यादी करून देऊ शकतो की. नाशकात "ग्रंथ तुमच्या दारी" सारखं काम उभं राहिलं, लोकांनी देणग्या दिल्या, पुस्तकांच्या पेट्या भरून घराघरात, सोसायटीत, तुरुंगात गेल्या, ते माणसांनीच केलं ना.

मखमलाबाद रोड
यादी करा पण परस्पर काही काढू नका, ठराव लागेल. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, अवस्था आणि शेवटची देवघेव कधी, एवढे चार रकाने करा. शेवटची तारीख चिठ्ठीवर असते. आणि जुनं म्हणून वाईट असं धरू नका, बारवांचं पुस्तक त्या हिशोबाने पहिलंच बाहेर गेलं असतं.

सुरगाण्याचा
मी येतो रविवारी, सोबत दोघं आहेत, दोघांचं अक्षर चांगलं आहे. सातला येऊ, दप्तर नेहमीप्रमाणे साडेपाचलाच ठेवतो. गोदाकाठच्या ताई, ते लाल पुस्तक कितव्या कपाटात आहे? आमच्या गावात पण एक जुनी दगडी विहीर आहे, कोणी बांधली कोणालाच माहीत नाही.

गोदाकाठची
दाराकडून तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा. नेलेलं नसेल तर तिथेच असेल.