मदत हवी आहे: 'पाहिजेत' जाहिरातींना शुल्क लावावं का? लावलं तर कोणाला आणि कशावर?

वसाहत_सचिव

नमस्कार मंडळी. औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजकांच्या संघटनेसाठी विचारतो आहे. सभासद कारखाने ३४०, बहुतेक मशीनिंग आणि फॅब्रिकेशनचे, थोडे पॅकेजिंगचे. वार्षिक वर्गणी ३,००० रुपये. सभासदांच्या 'पाहिजेत' जाहिराती आम्ही कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावतो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. आजवर हे फुकट आहे.

महिन्याला साधारण ११५ जाहिराती येतात. त्यातल्या साठेक फक्त आठ लेबर ठेकेदारांच्या. तेही सहयोगी सभासद आहेत. त्यांचा एकच मजकूर दर तीन-चार दिवसांनी पुन्हा येतो. जागा भरली की कोणी कळवत नाही. मुलं जुनी जाहिरात बघून रिक्षाला पैसे घालून गेटवर येतात आणि वॉचमन त्यांना परत पाठवतो. आमच्या कारकुनाचा रोजचा अर्धा दिवस यातच जातो.

कार्यकारिणीत एक सूचना आली आहे की प्रत्येक जाहिरातीला २०० रुपये घ्यावेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की वर्गणी भरली म्हणजे जाहिरात हा सभासदाचा हक्क झाला. पंधरा दिवसांनी सभा आहे. शुल्काने जाहिराती सुधारतात की नुसत्या कमी होतात? आणि जीएसटी, आयकराचं काय करायचं?

पगारपत्रक

सरसकट २०० लावू नका. ठेकेदार एका जाहिरातीत ३० हेल्पर मागतो, त्याला माणशी सात रुपयेही पडत नाहीत. ज्या कारखान्याला एकच टर्नर हवा आहे त्याला मात्र एका माणसासाठी पूर्ण २०० पडतात. सहा महिन्यांत लहान कारखाने ओळखीपाळखीतून माणसं शोधू लागतील आणि फलक ठेकेदारांचाच उरेल. माणशी दर लावलात तर 'पदे : १' लिहून तीस जणांना बोलावतील, आणि ते तपासायला तुमच्याकडे कोणी नाही. त्रास पुनरावृत्तीचा आणि शिळ्या जाहिरातींचा आहे, तर शुल्क त्याच दोन गोष्टींवर बसवा.

पण त्याआधी मजकूर दुरुस्त करा. पगाराचा आकडा नेमका कोणता, हे लिहिलं नसेल तर जाहिरात परत पाठवायची. एक उदाहरण देतो. एकूण पगार १८,०००, त्यात मूळ आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. कामगाराचा पीएफ १२ टक्क्यांनी १,८००, ईएसआय (कामगार राज्य विमा) ०.७५ टक्क्यांनी १३५, व्यवसाय कर २००. हातात येतात १५,८६५. (महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून त्यांच्या हातात १६,०६५.) आता मालकाचा खर्च बघा. पीएफ आणि त्यासोबतचे आकार मिळून १३ टक्के, म्हणजे १,९५०, ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे ५८५. एकूण २०,५३५. जाहिरातीत 'पगार २०,५००' असं छापलं जातं ते इथून. मुलगा पहिल्या महिन्यात १५,८६५ बघतो आणि दुसऱ्या महिन्यात काम सोडतो. मग तीच जाहिरात पुन्हा. तुमच्या पुनरावृत्तीचा बराच भाग इथेच तयार होतो.

म्हणून अर्जात दोन रकाने सक्तीचे करा: 'एकूण पगार' आणि 'सर्व कपातीनंतर हातात'. बस आणि कँटीनची कपात असेल तर तीही दुसऱ्यात धरायची. ओव्हरटाइमचे पैसे पगारात मिसळून लिहू द्यायचे नाहीत.

शिल्पनिदेशक

उमेदवारांच्या बाजूने लिहितो. नुसतं 'सीएनसी ऑपरेटर पाहिजे' लिहून काही कळत नाही. टर्निंग की व्हीएमसी? कंट्रोल फॅनुक की सीमेन्स? फक्त जॉब लावायचा-काढायचा आहे, की ऑफसेट देणं आणि सेटिंगही करायचं आहे? मायक्रोमीटर, बोअर गेज वापरता यायला हवं का? वेल्डरच्या जाहिरातीत सीओटू, टीआयजी की आर्क, आणि पत्र्याची जाडी किती, हे लिहा. दीड मिलिमीटरच्या पत्र्यावर टीआयजी करणारा हात वेगळा आणि बारा मिलिमीटरच्या प्लेटवर सीओटू मारणारा वेगळा. चुकीचा माणूस ट्रायलला आला तर कारखान्याचे दोन तास वाया आणि त्याचा दिवस बुडतो.

शिफ्टच्या वेळा आणि सुटल्यावर जायला बस आहे का, हे तर पगाराइतकंच महत्त्वाचं. दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटत असेल आणि शेवटची बस दहाची असेल तर गावाकडून येणारी मुलं टिकणारच नाहीत.

अ‍ॅप्रेंटिसच्या जाहिराती वेगळ्या रकान्यात लावा. तिथे विद्यावेतन असतं आणि करार नोंदवावा लागतो. ते नोकरीचं पद नव्हे. 'नोकरी' म्हणून बोलावून अ‍ॅप्रेंटिसशिपच्या कागदावर सही घेतली की मुलाला फसवल्यासारखंच वाटतं.

आणि एक नियम ठळक अक्षरांत फलकावरच लावा: उमेदवाराने कोणालाही एक रुपयाही द्यायचा नाही. फॉर्मचे पैसे नाहीत, गणवेशाची अनामत नाही, 'जॉइनिंग किट' नाही, पहिल्या पगारातून कमिशन नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करारही मूळ नियम म्हणून हेच सांगतो की खासगी रोजगार संस्थेने कामगाराकडून शुल्क घेऊ नये. पैसे मागितले गेले तर कुठे कळवायचं तो संघटनेचा नंबर त्याखाली द्या. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० वर त्याच तासात फोन करायला सांगा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते आणि रोखणं अवघड होतं.

ताळेबंद

करांबद्दल. 'सभासदांचेच पैसे सभासदांकडे, त्यावर कर कसला' असं सभेत नक्की म्हटलं जाईल. आयकरात हा युक्तिवाद साध्या वर्गणीपुरता चालतो. पण व्यापारी किंवा व्यावसायिक संघटनेने सभासदाला ठरावीक सेवा देऊन त्याबद्दल घेतलेली रक्कम धंद्याचं उत्पन्न धरली जाते. १९६१ च्या कायद्यात हे कलम २८ च्या तिसऱ्या उपकलमात होतं. जाहिरात शुल्क त्यातच बसतं. म्हणून त्याचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा आणि कारकुनाच्या पगाराचा, छपाईचा योग्य तो हिस्सा त्याच खात्यावर टाका. खर्च दाखवला नाहीत तर सगळी जमा उत्पन्न म्हणून दिसेल.

जीएसटीत सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१९ च्या कलकत्ता क्लब निकालाचा दाखला देतील, की क्लब आणि सभासद एकच, म्हणून कर नाही. तो सेवाकर आणि विक्रीकराबद्दल होता. त्यानंतर २०२१ च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्यातच तरतूद घातली की संस्था आणि सभासद या वेगळ्या व्यक्ती समजाव्यात, तीही १ जुलै २०१७ पासून मागे जाऊन. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली, पण त्या भरवशावर महाराष्ट्रातल्या संघटनेने कर न लावणं धोक्याचं आहे.

आता आकडे. ३४० गुणिले ३,००० म्हणजे वर्गणी १०.२० लाख. महिन्याला ११५ जाहिराती, २०० रुपये दराने वर्षाला २.७६ लाख. एकूण १२.९६ लाख, म्हणजे सेवांसाठीच्या २० लाखांच्या नोंदणी मर्यादेच्या आत. पण हॉलचं भाडं, प्रशिक्षण वर्गांचं शुल्क, स्मरणिकेतल्या जाहिराती हे सगळं त्याच उलाढालीत मोजलं जातं. ते जोडून बघा. नोंदणी आधीच असेल तर प्रश्नच नाही: २०० वर १८ टक्के, बिल २३६ चं. सभासदाचा जीएसटी क्रमांक बिलावर टाकला तर नियमित करदात्याला वरचे ३६ इनपुट क्रेडिट म्हणून मिळतात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा होतात.

शुल्काऐवजी परत मिळणारी अनामत ठेवता येईल. ५०० रुपये घ्यायचे, जागा भरल्याचं मुदतीत कळवलं की परत करायचे. अनामत जोवर मोबदल्यात वळती करत नाही तोवर ती उत्पन्नही नाही आणि जीएसटीतला मोबदलाही नाही. जप्त केली की दोन्ही प्रश्न उभे राहतात, एवढं लक्षात ठेवा.

जिगफिक्श्चर

ताळेबंद साहेब, अनामत कागदावर छान दिसते, पण वर्षाला १,३८० जाहिराती म्हणजे १,३८० वेळा घेणं आणि १,३८० वेळा परत करणं. कारकुनाचा उरलेला अर्धा दिवसही त्यात जाईल.

वर्गणी भरल्यावर पुन्हा पैसे मागणं मला मान्य नाही, हेही स्पष्ट लिहितो. लहान सभासदाला संघटनेकडून रोज उपयोगी पडणाऱ्या गोष्टी दोन-तीनच, त्यातली ही एक. त्यामुळे पैशांऐवजी कूपन चालवा. वर्गणीसोबत प्रत्येक सभासदाला वर्षाची १२ कूपनं. एक जाहिरात, एक कूपन, मुदत १५ दिवस. मुदतीच्या आत 'जागा भरली' किंवा 'अजून हवी' असं कळवलं की कूपन परत खात्यावर. कळवलं नाही तर गेलं. बारा संपल्यावर प्रत्येक जाहिरातीला ३०० रुपये.

यात लहान कारखान्याचं कूपन कधीच संपणार नाही. ठेकेदाराचा हिशेब करा: आठ जणांच्या साठ जाहिराती म्हणजे महिन्याला प्रत्येकी सात-आठ. न कळवता टाकत राहिला तर दोन महिन्यांच्या आत बारा संपतील. कळवत राहिला तर त्यालाही फुकट, आणि तुम्हाला तेच हवं आहे. नोंद ठेवायला एक एक्सेलची शीट पुरते.

मनुष्यबळ_पुरवठा

ठेकेदारांची बाजूही ऐका. एकच मजकूर पुन्हा टाकावा लागतो कारण ग्रुपवर दिवसाला ३०-४० संदेश येतात आणि सकाळची जाहिरात संध्याकाळी कोणाला दिसत नाही. शुल्क लावलं तरी हे कारण तसंच राहतं. ग्रुप बंद करून व्हॉट्सअ‍ॅप चॅनल करा, तिथे फक्त कार्यालयच लिहू शकतं. ग्रुपला १,०२४ ची मर्यादाही आहे आणि प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. बनावट नोकरीचे फोन करणारे नंबर तिथूनच उचलतात.

आठवड्यातून एकदा, वसाहतीच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, चालू असलेल्या सगळ्या जागांची एकच यादी टाका. ट्रेडप्रमाणे लावलेली, प्रत्येकीला क्रमांक. मुलं सुट्टीच्या दिवशी वाचून ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी गेटवर येतात. जाहिरात यादीत राहणारच आहे म्हटल्यावर ती पुन्हा टाकायची गरज उरत नाही.

ठेकेदाराकडून मूळ कारखान्याचं नाव जरूर घ्या. 'नामांकित कंपनीत' ही भाषा बंद करा. ५० किंवा जास्त कामगार पुरवणाऱ्याला परवाना लागतो, त्याचा क्रमांक मागा. ईएसआयचा १७ आकडी कोडही मागा. जो देत नाही त्याची जाहिरात घेऊ नका. नीट काम करणाऱ्या ठेकेदारांना याचा त्रास नाही, उलट फायदाच आहे.

पगारपत्रक

कूपनाची पद्धत माझ्या सूचनेपेक्षा बरी आहे, तीच घ्या. नोकरीच्या जाहिरातीचे पैसे घेणं मात्र तत्त्वतः गैर नाही, हे सभेत सांगा. अमेरिकेतल्या क्रेगलिस्टने आपली बाकी पानं फुकट ठेवून नोकरीच्या जाहिरातींना मोजक्या शहरांतच दर लावला. २००४ मध्ये न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला २५ डॉलर केले, सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा ७५ होते. पैसे मालकाकडून, शोधणाऱ्याकडून काही नाही. मात्र आपल्याकडे केंद्राचं एनसीएस आणि राज्याचं महास्वयम ही दोन्ही पोर्टलं मालकाला फुकट आहेत. म्हणून तुम्ही पैसे घ्याल ते तपासलेल्या मजकुराचे आणि जवळच्या माणसांचे. तपासणी ढिली पडली की शुल्काचा आधारच गेला.

'फक्त मुले पाहिजेत' असंही लिहू देऊ नका. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. काम जड असेल तर वजन लिहा, '२५ किलोचं बॉक्स उचलावं लागेल' असं. ज्याला किंवा जिला जमेल ती येईल.

वसाहत_सचिव

सगळ्यांचे आभार, विशेषतः शिल्पनिदेशक सर, बसचा मुद्दा आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हता. सभेपुढे ठेवायचा मसुदा असा: वर्षाला १२ कूपनं, मुदत १५ दिवस, कळवलं तर कूपन परत, नंतर ३०० रुपये अधिक लागू असल्यास जीएसटी. दोन पगार रकाने, शिफ्ट, बस, मशीन आणि ठेकेदाराच्या मूळ कारखान्याचं नाव सक्तीचं. साप्ताहिक यादी चॅनलवर. उमेदवाराकडून पैसे घेतल्याचं सिद्ध झालं तर त्या सभासदाची जाहिरात वर्षभर बंद.

शेवटचं एक. 'जागा भरली' असं खोटंच कळवून कूपन परत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तीच जाहिरात दिली तर? आणि ३०० रुपये यूपीआयने आले तर कोणाचे ते कसं ओळखायचं?

जिगफिक्श्चर

भरली म्हणताना रुजू झालेल्यांची संख्या आणि रुजू तारीख लिहायला लावा, नाव नको. त्याच पदाची जाहिरात १५ दिवसांत पुन्हा आली तर कूपन परत न देता वापरलेलं धरा. माणूस खरोखर सोडून गेला असेल तरीही. त्यामुळे पगार नीट लिहिण्याचं कारणही मिळतं.

ताळेबंद

कार्यालयात चिकटवलेल्या क्यूआरवर आलेल्या पैशांतून जाहिरात ओळखता येत नाही, आणि मालकाऐवजी कोणीतरी सुपरवायझर स्वतःच्या मोबाईलवरून पैसे भरतो. जाहिरातीला आधी क्रमांक द्या, उदाहरणार्थ ०७/०४३, तो यूपीआयच्या टिपणीत लिहायला सांगा आणि १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) अर्जावर घ्या. स्क्रीनशॉट पावती म्हणून धरू नका, बँकेच्या उताऱ्यात तो यूटीआर दिसल्यावरच जाहिरात यादीत घ्या.