स्त्रियांच्या वाढलेल्या वजनात पंजाब आणि तामिळनाडू सारखे, मग महाराष्ट्र मागे का?

पर्वतीपायथा यांचा प्रश्न:

माझी धाकटी बहीण लग्नानंतर कोइमतूरला स्थायिक झाली. गेल्या महिन्यात ती पुण्यात आली तेव्हा तिच्या सासरच्या बहुतेक बायकांची वजने वाढलेली आहेत, असे ती सांगत होती आणि दोष भाताला देत होती. मला ते पटले नाही, म्हणून मी 2019–21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील आकडे काढून पाहिले. 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांपैकी ज्यांचा बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) 25 किंवा त्याहून अधिक आहे, म्हणजे ज्यांचे वजन उंचीच्या मानाने जास्त आहे, त्यांचे प्रमाण तामिळनाडूत 40.4 टक्के आहे. पंजाबात ते 40.8 टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढेच आहे. एकीकडे भात, सांबार आणि खोबरे, तर दुसरीकडे गव्हाची रोटी, दूध आणि तूप. तरी आकडा एकच! महाराष्ट्रात मात्र हे प्रमाण 23.4 टक्के, तर बिहारमध्ये 15.9 टक्के आहे. एकाच देशात एवढी तफावत कशामुळे पडते? आपल्या राज्याचा आहार खरोखरच इतका चांगला आहे का?

फळा-खडू यांचे उत्तर:

ताई, आपण पंजाब आणि तामिळनाडू शेजारी ठेवून पाहिलेत, तिथेच निम्मे उत्तर आले आहे. इतक्या वेगळ्या ताटांतून एकच आकडा निघत असेल, तर एखाद्या प्रांतातील विशिष्ट पदार्थाला जबाबदार धरता येत नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे आणखी एक सोपे स्पष्टीकरणही आधी तपासून पाहतो, ते म्हणजे शहरीकरण. देशपातळीवर ते लागू पडते, कारण याच सर्वेक्षणात शहरी स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे 33 टक्के आणि ग्रामीण स्त्रियांमध्ये सुमारे 20 टक्के आहे. परंतु 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची 45 टक्के लोकसंख्या शहरांत राहते, तर पंजाबची 37 टक्क्यांच्या आसपास. अधिक शहरी असलेले राज्य बारीक आणि कमी शहरी असलेले राज्य जाड, असा उलटा प्रकार येथे दिसतो.

उलगडा होण्यासाठी त्याच तक्त्यातील दुसरा स्तंभ वाचावा लागतो, तो कमी वजनाच्या, म्हणजे 18.5 पेक्षा कमी बीएमआय असलेल्या स्त्रियांचा. तामिळनाडू आणि पंजाब या दोन्ही राज्यांत त्यांचे प्रमाण 13 टक्क्यांच्या आत आहे; महाराष्ट्रात ते 20.8 टक्के आहे. गुजरात तर आपल्यासारखेच संपन्न राज्य मानले जाते, पण तेथे 22.6 टक्के स्त्रिया जाड आणि 25.2 टक्के स्त्रिया कृश आहेत. सरासरी काढताना अहमदाबाद-सुरतेच्या बायका आणि दाहोद-डांग या गरीब आदिवासी जिल्ह्यांतल्या बायका एकाच पोत्यात भरल्या जातात. आपल्याकडेही पुणे-मुंबईची वजने नंदुरबार, गडचिरोली आणि मेळघाटाच्या वजनांत मिसळून 23.4 हा आकडा तयार होतो. तो आहाराच्या चांगुलपणाचा पुरावा मुळीच नाही. आपल्याकडे अर्धपोटी राहणाऱ्या स्त्रियांची संख्या अजून मोठी आहे, हे तो सांगतो, आणि हे मला फार अस्वस्थ करते.

मग तामिळनाडू आणि पंजाबात कृश स्त्रिया कमी कशा? तामिळनाडूत 1982 पासून शाळकरी मुलांसाठी माध्यान्ह भोजनाची मोठी योजना चालू आहे, आणि 2011 पासून तांदळाच्या शिधापत्रिकेवर तांदूळ मोफत मिळतो. शिवाय पामतेल आणि तूरडाळ सवलतीत. पंजाबात हरितक्रांतीने घराघरांत धान्य आणले, आणि ट्रॅक्टर व मळणीयंत्रांनी शेतातले कष्ट कमी केले. मार्ग वेगळे असले तरी दोन्हीकडे उपासमारीचा तळ वर उचलला गेला. तळ उचलला की वजनांची सगळी रांगच पुढे सरकते. कृश असलेले मध्यावर येतात आणि मध्यावरचे 25 ची रेषा ओलांडतात. वयाचाही वाटा आहे. दक्षिणेत जन्मदर आधी घटला, त्यामुळे तेथील 15 ते 49 या गटात चाळिशीच्या आसपासच्या स्त्रिया तुलनेने जास्त आहेत, आणि वजन वयाबरोबर वाढत जाते.

 

भातखाचर यांचे उत्तर:

मी मुळशीच्या डोंगराकडच्या गावांत आरोग्याचे काम करते. वरच्या उत्तरातील ‘तळ वर येणे’ माझ्या डोळ्यांदेखत घडले आहे, म्हणून लिहिते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी येथील बाई भातलावणी, जळणाच्या मोळ्या आणि डोक्यावरून पाणी आणणे यांतच दमून जात असे. आता नळ आला आणि गॅस आला, ते फार चांगले झाले, कारण त्या कष्टांत आरोग्य नव्हते, झीज होती. पण रस्त्याकडेच्या गावांत जमिनी विकल्या गेल्या, नाचणी पिकवणे बंद झाले, आणि घरात पहिल्यांदा रोख पैसा आला तेव्हा हाताशी फरसाण, बिस्किटे आणि तळलेले वडे होते. त्याच तालुक्यात, दोन डोंगर ओलांडले की कातकरी वस्तीतील बाळंतीण चाळीस किलोच्याही खाली असते. राज्याराज्यांतला जो फरक आपण विचारता आहात, तो मला एका दिवसाच्या फेरीत दिसतो.

पर्वतीपायथा:

दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे महाराष्ट्राची गरिबी कमी होईल तशी आपली वजनेही तामिळनाडूसारखी वाढतील, असे समजायचे का? आणि 25 हीच रेषा आपल्याला लागू आहे का?

रास्तापेठ यांचे उत्तर:

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. भारतीयांसाठी 2009 मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने ठरलेल्या निकषांनुसार 23 पासून वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा मानला जातो. 160 सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी 23 म्हणजे सुमारे 59 किलो आणि 25 म्हणजे 64 किलो. सर्वेक्षणाच्या त्या स्तंभात ही मधली पाच किलो मोजलीच जात नाहीत.

भारतीयांसाठी रेषा खाली का, याचे कारण आपल्या पुण्यातच शोधले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळे सरासरी 2.7 किलोची होती, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. 2004 मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय 22.3 होता, पण शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची 9.1 टक्के आणि डॉ. याज्ञिक यांची 21.2 टक्के होती.

यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. वजने वाढतील, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका आज कृश असलेल्या घरांनाच बसेल, कारण अर्धपोटी आईच्या पोटी कमी वजनाचे जन्मलेले मूल पुढे भरपूर खाऊ लागले की त्याची चरबी आधी पोटावर साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून वाट पाहायची ती तळ वर येण्याची, पण तो वर येताना ताटात तेल-साखरेऐवजी डाळ, दूध, अंडी आणि भाजी वाढली पाहिजे. गरोदर बाईच्या ताटात तर सर्वांत आधी.

घरी पाहायचे झाल्यास कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पट्टी न आवळता. स्त्रियांना 80 सेंटिमीटर आणि पुरुषांना 90 सेंटिमीटर ही धोक्याची सीमा आहे.

पर्वतीपायथा:

आज शिवणाच्या डब्यातील पट्टीने आम्ही घरातल्या चौघांची मोजमापे घेतली. वजनकाट्यावर सर्वांत हलके असलेले माझे यजमान कमरेत 94 सेंटिमीटर भरले. बहिणीलाही कोइमतूरला ही पद्धत लिहून पाठवली आहे.