लोह जमिनीत आहे, पेशीत नाही

परभणीकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असताना सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडून केवळ शिरा हिरव्या का राहतात, या प्रश्नाच्या चर्चेत थोडी भर घालतो. सामू (पीएच) ८ च्या आसपास असला की लोह फेरिक रूपात, म्हणजे जास्त ऑक्सिडीकृत रूपात (Fe³⁺), जवळजवळ विरघळतच नाही. सोयाबीनचे मूळ प्रोटॉन (आम्लता वाढवणारे हायड्रोजन आयन) सोडून ते विरघळवू पाहते, पेशीपटलावरील विकर (एन्झाइम) त्याचे फेरस रूप (Fe²⁺) करते आणि मगच आयआरटी-१ हे वाहक प्रथिन ते आत घेते. चुनखडीतील बायकार्बोनेट मात्र हे प्रोटॉनच निष्प्रभ करते. गव्हाची मुळे याउलट फेरिक लोहाला जखडणारी संयुगे स्रवतात आणि ती लोहासकट परत शोषतात. ज्वारी त्याच कुळातली, पण तिचा हा स्राव फारच कमी, त्यामुळे तीही पिवळी पडते.

आत आलेले लोह मोकळे राहिले तर हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग पावून घातक मूलके (फ्री रॅडिकल) तयार करते, म्हणून पेशी जादा लोह फेरिटिन या साठवणीच्या प्रथिनात कोंडते. त्याच्या एका रेणूत लोहाचे सुमारे ४५०० अणू मावतात. अशा जमिनीत नुसते हिराकस (फेरस सल्फेट) टाकणे मला व्यर्थ वाटते, कारण तेही लवकरच फेरिक होते. त्यापेक्षा पानांवरची फवारणी बरी.