शब्दचर्चा: ‘पॉवर फ्लो कंट्रोल’ म्हणजे भारनियमन का?

प्रश्न (नाशिकरोड): पारेषणाच्या (मोठ्या वाहिन्यांवरून वीज वाहून नेण्याच्या) मजकुरात ‘पॉवर फ्लो कंट्रोल’साठी मी ‘भारनियमन’ लिहिलंय. चालेल का?

उत्तर (एकलहरे): नाही, बदलाच. भारनियमन म्हणजे ठरवून फीडर (एखाद्या भागाला वीज देणारी वाहिनी) बंद ठेवणं; निफाड-दिंडोरीत दुसरा अर्थ कुणी घेणारच नाही. इथे कुणाची वीज तोडायची नसते, कोणत्या वाहिनीवरून किती जावी ते ठरवायचं असतं. ‘वीजप्रवाह नियंत्रण’ही नको. प्रवाह म्हणजे करंट, अँपिअरमधला. इथे मोजायची ती मेगावॉटमधली शक्ती. म्हणून ‘शक्तिप्रवाह नियंत्रण’. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या नावातलं ‘भार प्रेषण’ आणखी वेगळं: मागणीप्रमाणे कोणत्या वीजनिर्मिती संचानं किती वीज द्यायची, ते सांगण्याचं काम.

प्रश्न: आणि फेज शिफ्टिंग ट्रान्सफॉर्मर? ‘कलांतर रोहित्र’?

उत्तर (सातपूर): कलांतर म्हणजे जुन्या मराठीत व्याज, त्यामुळे ‘कलाबदल रोहित्र’ बरं: व्होल्टेजची कला, म्हणजे कोन, मागेपुढे करणारं रोहित्र. गंगापूरच्या कालव्याला दार असतं, एसी वाहिनीला नसतं. शक्ती रिअॅक्टन्सच्या (वाहिनी एसीला करते त्या अडथळ्याच्या) व्यस्त प्रमाणात आपली आपण वाटली जाते. समजा २२० केव्हीच्या दोन समांतर वाहिन्या आहेत, रिअॅक्टन्स २० आणि ३० ओहम. २५० मेगावॉट पाठवले तर पहिलीवर १५०, दुसरीवर १००. पहिलीची मर्यादा १२५ असेल तर दुसरी मोकळी असूनही अडलं. दुसरीवर कलाबदल रोहित्र बसवून साधारण दीड अंश कोन पुढे केला की २५ मेगावॉट तिकडे सरकतात.

कागदावर दीड अंश, पण रोहित्राचा स्वतःचा रिअॅक्टन्स बरेच जण विसरतात. तो १० ओहम धरला तर दुसरी वाहिनी ४० ओहमची होते आणि टॅप (कोन बदलायची पायरी) शून्यावर असतानाच पहिलीवर १६७ मेगावॉट चढतात! मग १२५ वर आणायला जवळपास ३ अंश लागतात. टॅप उलट दिशेला फिरला तर पहिली आणखी भरते, म्हणून प्रत्येक टॅपनंतर दोन्ही वाहिन्यांचे मेगावॉट वाचूनच पुढचा घ्यायचा.

उत्तर (एकलहरे): एक भर. दुसरी वाहिनी ट्रिप झाली (बिघाडामुळे आपोआप बंद पडली) की सगळे २५० पहिलीवर येतात, तिथे कोन बदलून उपयोग नाही. तेव्हा निर्मिती कमी करावी लागते किंवा भार तोडावा लागतो, आणि त्या तोडण्याला मात्र ‘भारकपात’ म्हणा. ते अचानक असतं. भारनियमनाचं वेळापत्रक असतं.